बंड्याचं कार्ड आणि वाड्याचा कडीपाट

बंड्या हा साडेचार वर्षांचा अल्सेशियन, वजन 30 किलो. वाईला कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर एक जुना वाडा आहे, तिथे तो राहतो. घरात आजी, शाळेत शिकवणारे सर, त्यांची पत्नी, आठवीतली मुलगी आणि मनी नावाची मांजर. गेल्या जूनमध्ये, पहिला पाऊस पडून चार-पाच दिवस झाले असतील, रात्री साडेदहाला सरांचा फोन आला. "मॅडम, बंड्याचा घोळणा फुटलाय. तासभर झाला, थांबतच नाही."

त्यांना लगेच दवाखान्यात बोलावलं. बंड्या स्वतःच्या पायांनी आत आला, पण येऊन सरळ फरशीवर बसला. एरवी हा कुत्रा टेबलाकडे नेताना दोन माणसांना आवरत नाही. डाव्या नाकपुडीतून थेंब थेंब रक्त येत होतं. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या पांढुरक्या. पोटाला हात लावताना मांडीच्या आतल्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले. दहा-बारा नव्हे, शिंतोडे उडवावेत तसे. कातडीखाली रक्त झिरपत असल्याची ती खूण. ताप 103.6. प्लीहा हाताला लागत होती.

नाकावर बर्फ, एड्रेनलिनमध्ये भिजवलेला गॉजचा बोळा, डोकं किंचित वर, अंधारी खोली, कुणी बोलायचं नाही, हा पहिला उपाय. रक्त थांबायला चाळीस मिनिटं लागली. मुलगी सगळा वेळ त्याच्या पुढच्या पंजावर हात ठेवून जमिनीवर बसली होती. सरांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं लसीकरणाचं कार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "सगळं वेळेवर केलंय हो. एक तारीख चुकवलेली नाही."

ते खरं होतं. त्या कार्डावर पिल्लूपणापासूनचे नाइन इन वन या एकत्रित लसीचे डोस होते, दर वर्षी रेबीज होतं, दर तीन महिन्यांनी जंताचं औषध होतं. प्रत्येक ओळीसमोर शिक्का आणि सही. सही माझीच. इतकं नीट भरलेलं कार्ड माझ्याकडे येणाऱ्या शंभरातल्या पाच घरांत सापडत नाही.

कार्डात कुठेही न लिहिलेली गोष्ट कुत्र्याच्या कानात होती. कानाची पाळी उलटी केली तर आत चार गोचिडी चिकटलेल्या, बोटांच्या बेचक्यांत आणखी सहा, पट्ट्याखाली मानेभोवती मोजायच्या सोडून दिल्या.

त्याच रात्री जांभळ्या झाकणाच्या बाटलीत रक्त घेतलं. सकाळी आलेले आकडे असे: हिमोग्लोबिन 7.4, पांढऱ्या पेशी 4,900, प्लेटलेट 28,000. कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाखांच्या दरम्यान असतात. त्या चाळीस-पन्नास हजारांच्या खाली गेल्या की लागलं-खुपलं नसतानाही रक्त वाहू शकतं. रक्तातल्या प्रथिनांत अल्ब्युमिन कमी आणि ग्लोब्युलिन बरंच जास्त. गोचिडीतून येणाऱ्या एर्लिचिया या जंतूसाठीची चाचणीपट्टी लावली, दहा मिनिटांत दुसरी रेघ उमटली, म्हणजे पॉझिटिव्ह. काचपट्टीवर बॅबेसिया, हा गोचिडीतूनच येणारा दुसरा परजीवी, दिसला नाही.

बोलीत याला गोचीड ताप म्हणतात. जंतूचं नाव एर्लिचिया कॅनिस. अल्जीरियात 1935 साली दोनातिएं आणि लेस्तोकार या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तो पहिल्यांदा नोंदवला. जगाचं लक्ष त्याच्याकडे खऱ्या अर्थाने वळलं ते व्हिएतनाम युद्धात, जेव्हा अमेरिकी लष्कराची जर्मन शेफर्ड, म्हणजेच अल्सेशियन, कुत्री नाकातून रक्त येऊन एकामागून एक मरू लागली. हा आजार बंड्याच्या जातीला जास्त जड जातो, हे तेव्हापासून माहीत आहे. जंतू पांढऱ्या पेशींत शिरून वाढतो. पहिले दोन-चार आठवडे ताप, मरगळ, जेवणाकडे पाठ. मग पुष्कळदा कुत्रा आपोआप बरा झाल्यासारखा दिसतो. तो हिंडतो, खातो, भुंकतो, आणि जंतू महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं प्लीहेत दबा धरून असतो. तिसऱ्या टप्प्यात काही कुत्र्यांची अस्थिमज्जाच काम सोडते. त्या टप्प्यातून परत आणणं फार कठीण.

या आजारावर लस नाही. नाइन इन वनमधल्या नवांत हा नाही. पण कार्ड पूर्ण भरलं की संरक्षण पूर्ण झालं, असा समज त्या घराचा होता. तो समज त्यांना मीच दिला होता, कारण दर भेटीत कार्ड पाहून "व्हेरी गुड" म्हणणारी मीच.

फेब्रुवारीतली ओळ

मी माझं रजिस्टर उघडलं. आदल्या ऑक्टोबरात बंड्या लसीसाठी आला होता. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'कानात गोचिडी, 5–6. काढल्या. मानेवर फिप्रोनिलचे थेंब.' पुढे फेब्रुवारीत एक ओळ: 'दोन दिवस खात नाही. ताप 104. तापाचं इंजेक्शन. उद्या फोन.' दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला होता की तो खायला लागला आहे. मी रक्त तपासलं नाही.

ज्या कुत्र्याच्या अंगावर चार महिन्यांपूर्वी मी स्वतः गोचिडी पाहिल्या, त्याला 104 ताप असताना रक्त न तपासणं ही चूक होती. तेव्हा तपासलं असतं तर बहुधा प्लेटलेट दीड लाखाच्या आसपास घसरलेल्या दिसल्या असत्या, डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा एक कोर्स झाला असता आणि जूनची रात्र टळली असती. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती, हे खरं असलं तरी कारण होत नाही. तापाचं इंजेक्शन ताप उतरवतं, आणि ताप उतरला की घरच्यांचा आणि डॉक्टरचाही तपास थांबतो. आता माझ्याकडे नियम आहे: अंगावर गोचीड दिसलेली असेल आणि ताप असेल तर आधी रक्त, मग इंजेक्शन.

मे महिन्यात बंड्या थोडा लंगडत होता. घरात सरांच्या गुडघ्यासाठी आणलेल्या वेदनाशामक गोळ्या होत्या. त्यातली अर्धी त्याला दोनदा दिली गेली. हे मला जूनमधल्या उपचारांच्या तिसऱ्या दिवशी, सरांच्या पत्नीने दबक्या आवाजात सांगितलं. आयबुप्रोफेनसारखी माणसांची औषधं कुत्र्याच्या जठराला जखमा करतात आणि उरल्यासुरल्या प्लेटलेटचं कामही बिघडवतात. आधीच रक्त थांबेना झालेल्या जनावरात ते आगीत तेल. मी त्यांना रागावले नाही. लंगडणं हेही गोचीड तापाचंच लक्षण असू शकतं, सांधे सुजतात. त्यांनी ते पाहून काहीतरी केलं होतं. फोन करायला हवा होता एवढंच.

पहिला कोर्स

डॉक्सिसायक्लिन 150 मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, 28 दिवस. जेवणासोबत, कारण रिकाम्या पोटी उलटी होते. दूध नाही, कारण दुधातल्या कॅल्शियममुळे औषधाचा काही भाग वाया जातो. आजी पहिले दोन दिवस गोळी बासुंदीत घालून देत होत्या, ते बंद केलं. धावणं, उड्या, मनीशी मस्ती, सगळं बंद. मऊ भात आणि उकडलेलं चिकन. रक्त द्यावं लागेल म्हणून गावातल्या एका तगड्या लॅब्राडॉरच्या मालकांशी बोलून ठेवलं होतं. ती वेळ आली नाही.

तिसऱ्या दिवशी बंड्याने शेपटी हलवली. सातव्या दिवशी प्लेटलेट 61,000, चौदाव्या दिवशी 1,18,000, अठ्ठाविसाव्या दिवशी 1,96,000. हिमोग्लोबिन 10 वर आलं. याचा अर्थ अस्थिमज्जा शाबूत होती. मी पुन्हा मानेवर थेंब टाकले, "महिन्याने पुढचे टाका, घरही जरा स्वच्छ ठेवा" असं सांगितलं आणि केस संपली असं मानलं.

घर जरा स्वच्छ ठेवा! त्या वाड्यात आजी रोज सकाळी स्वतः केर काढतात, ओटी सारवल्यासारखी लख्ख असते. मी नेमकं काय करायला सांगितलं होतं? काहीच नाही. ते वाक्य डॉक्टर बोलतात आणि मालक ऐकतात, आणि कुणीही काहीही वेगळं करत नाही.

ऑगस्टच्या शेवटी, औषध बंद करून सहा आठवडे झाले असताना, बंड्या पुन्हा जेवेना. ताप 103.8. प्लेटलेट 74,000. पुण्याच्या प्रयोगशाळेत रक्त पाठवलं, पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह. अंगावर पुन्हा गोचिडी. जुना जंतू उरला होता की नवा शिरला? पहिला कोर्स संपल्यावर मी पीसीआर केली असती तर याचं उत्तर देता आलं असतं. पण कानातल्या ताज्या गोचिडी पाहता मला दुसरी शक्यता जास्त वाटली. डॉक्सिसायक्लिन पुन्हा सुरू केलं आणि सरांना म्हटलं, "उद्या रात्री जेवणं झाल्यावर मी घरी येते. टॉर्च तयार ठेवा."

वाडा

बंड्या जिन्याखाली झोपतो. तिथे गोणपाट, त्यावर सरांचा जुना स्वेटर. मागची भिंत माती-विटांची, गिलावा पोपडे धरलेला. शेजारी कोनाडा, वर लाकडी तुळया आणि त्यावर कडीपाट. शंभर वर्षांपूर्वीच्या सुताराने घातलेल्या फळ्या वाळून आक्रसल्या आहेत, दोन फळ्यांमध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट.

मी टॉर्च खाली गोणपाटावर मारला. तीन-चार सापडल्या. मग सवयीने भिंतीवरून वर नेला. कोनाड्याच्या कडेला, पोपड्यांखाली, पूर्वजांच्या तसबिरीच्या मागे, आणि वर, अगदी वर, तुळई भिंतीत शिरते त्या सांध्यात त्या होत्या. काही खसखशीएवढ्या, काही नाचणीएवढ्या, काही जवसाच्या दाण्यासारख्या चपट्या आणि तपकिरी. एका फटीत टाचणी घातली तर एक टम्म फुगलेली, करड्या रंगाची मादी बाहेर आली आणि तिच्यामागे तपकिरी अंड्यांचा चिकट गोळा.

आजी म्हणाल्या, "अगं बाई, मला वाटायचं एरंडीच्या बिया. उंदरांनी नेऊन ठेवल्यात म्हणून केरात काढून टाकत होते." त्यांचं चुकलं नव्हतं. एरंडाचं लॅटिन नाव रिसिनस, आणि रिसिनस या लॅटिन शब्दाचा अर्थच गोचीड. रोमन लोकांनाही ती बी तशीच दिसली होती.

आता ही गोचीड कशी जगते ते सांगते, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. कुत्र्याची तपकिरी गोचीड आयुष्यात फक्त तीनदा जेवते. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू एकदा रक्त पितं, गळून पडतं, भिंतीत शिरतं, कात टाकतं. आठ पायांची पोर होऊन पुन्हा कुत्र्यावर येते, पिते, पडते, पुन्हा भिंतीत. प्रौढ झाली की तिसऱ्यांदा चढते. मादी आठवडाभर किंवा जास्त चिकटून राहते, शेवटी गळून पडते आणि एखाद्या फटीत हजारांनी अंडी घालते. चार हजारांपर्यंतही जातात. मग मरते. ती प्रत्येक वेळी खाली न राहता वरच चढते, हा तिचा स्वभाव. उबदार हवेत हे सगळं चक्र दोन-तीन महिन्यांत पुरं होतं, आणि जेवायला मिळालं नाही तर प्रौढ गोचीड वर्षभर उपाशी बसून राहू शकते.

म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या त्या क्षणी जेवायला बसलेल्या तेवढ्याच. बाकीची सगळी पंगत, पशुवैद्यकात शंभरातल्या पंचाण्णव असा हिशोब सांगतात, घरात असते. मी ऑक्टोबरपासून पाचांवर उपचार करत होते.

आणखी एक गोष्ट मला त्या रात्री तिथेच उभं राहून उमगली. एर्लिचिया अंड्यातून पुढच्या पिढीत जात नाही. त्या वाड्यातलं प्रत्येक पिल्लू जन्मतः निर्दोष होतं. ते आजारी कुत्र्याचं रक्त प्यायलं की जंतू घेऊन भिंतीत जातं आणि पुढच्या जेवणाला तो परत आणतं. जंतू पोटात घेऊन बसलेली गोचीड पाच महिन्यांनंतरही तो देऊ शकते. आजारी बंड्यानेच भिंत आजारी केली होती आणि भिंतीने बंड्याला. कुठल्याही एकावर उपचार करून साखळी तुटणार नव्हती.

गाईंचा काही दोष नव्हता

शेजारच्या परड्यात दोन गाई आहेत. बंड्याचा घोळणा फुटल्यापासून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. "त्यांच्या गोठ्यातूनच येतात," असं सरांच्या पत्नीचं ठाम मत. मी दुसऱ्या दिवशी गाईंच्या आचळांजवळच्या आणि शेपटीखालच्या गोचिडी काढून आणल्या आणि दोन्ही बाटल्या भिंगाखाली त्यांना दाखवल्या. गाईवर राहणारी गोचीड वेगळी, तोंडाची ठेवण वेगळी. तीच गाय धरून वाढते, वाड्याच्या कडीपाटात तिला काही काम नसतं. सरांच्या पत्नींनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. संध्याकाळी त्या शेजारी विरजण मागायला गेल्या, असं मुलीने सांगितलं.

खरा येण्याचा रस्ता ओट्यावर होता. आजी रोज रात्री उरलेली भाकरी ओट्यावर ठेवतात, गल्लीतली दोन कुत्री ती खातात आणि तिथेच झोपतात. त्यातल्या एकीच्या कानात मूठभर गोचिडी होत्या. ती धडधाकट दिसत होती, पण रक्त घेतलं तेव्हा प्लेटलेट 1,10,000. दबा धरलेला टप्पा तो हाच.

सरांनी विचारलं, "मग ओट्यावर यायचं बंद करू का त्यांचं?" आजी काहीच बोलल्या नाहीत, पदराने डोळे पुसायला लागल्या. मी म्हटलं, उलट ती येतात हे आपल्या फायद्याचं आहे. रोज एका ठिकाणी येणारी कुत्री म्हणजे औषध देता येणारी कुत्री. ती गेली तर दुसरी येतील, आणि त्यांच्यापर्यंत आपला हात पोचणार नाही.

काय काय केलं

आधी काय नाही केलं ते सांगते. घरात सूचनांचा ढीग होता. सरांनी जुलैत एकदा रॉकेलचं फडकं फिरवलं होतं. बंड्याच्या पोटाची कातडी सोलली गेली. तंबाखूचं पाणी कुणीतरी सुचवलं होतं. ते विष आहे, चाटलं तर कुत्रा मरू शकतो. उदबत्तीचा चटका देऊ नये, त्यात कुत्रा भाजतो आणि गोचीड पोटातलं जखमेत ओकते. आजी संध्याकाळी कडुनिंबाचा धूर करत, त्याने गोचिडींचं काही बिघडलं नाही, आजींचा दमा मात्र वाढला. गुरांच्या औषधांच्या दुकानातून अमित्राज या गोचीडनाशकाची बाटली आणलेली होती, कुत्र्याला आंघोळीत घालायला. मी ती बाजूला ठेवायला लावली, कारण मनी बंड्याच्या पोटाशी झोपते. अमित्राज मांजराला सोसत नाही. परमेथ्रिन या कीटकनाशकाचे थेंब तर मांजराचा जीव घेतात, आणि कुत्र्याच्या अंगावरचे ओले थेंब चाटूनही ते घडतं. ज्या घरात दोन्ही जनावरं आहेत तिथे 'कुत्र्याला चालतं' एवढं उत्तर पुरत नाही.

बंड्याला महिन्याला एक चघळायची गोळी सुरू केली, आयसोक्साझोलिन गटातली. देण्याआधी विचारलं की त्याला कधी फिट आली आहे का, कारण या गटाने काही कुत्र्यांत झटके येऊ शकतात. नव्हती आली. या गोळीचं काम कसं चालतं ते घरच्यांना नीट सांगावं लागलं: गोचीड चावते, रक्तातून औषध घेते आणि काही तासांत मरते. चावायचीच थांबते असं नाही. एर्लिचिया मात्र चिकटल्यापासून तीन तासांतही कुत्र्यात उतरू शकतो. म्हणून गोळी एकटी पुरेशी नाही, भिंत मोकळी करावीच लागते.

नातेवाइकांचा सल्ला होता की फवारणी होईपर्यंत आणि नंतरही दोन महिने बंड्याला मळ्यावर पाठवा. मी हट्टाने नको म्हटलं. फवारणीच्या दिवसापुरता तो परड्यात बांधला, औषध वाळल्यावर घरात. यावर सर माझ्याशी वाद घालत होते आणि त्यांचं म्हणणं वरवर पाहता बरोबर वाटतं. पण कुत्रा नेला तर उपाशी गोचिडी भिंतीत वाट पाहत बसतात, फार झालं तर माणसांना चावतात. गोळी दिलेला कुत्रा घरात असला तर त्या खाली उतरतात, त्याच्यावर चढतात आणि मरतात. बंड्या हाच आमचा सापळा होता.

माणसांचीही काळजी होती. हीच गोचीड आपल्याकडे माणसांना इंडियन टिक टायफस नावाचा ताप देऊ शकते. मुलगी गोचिडी काढून नखाने चिरडायची, ते तत्काळ थांबवलं. चिमट्याने कातडीला अगदी लागून धरायचं, सरळ वर ओढायचं, साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाकायचं, हात धुवायचे. कुणाला ताप आणि अंगावर पुरळ आलं तर फॅमिली डॉक्टरांना 'घरात गोचिडी आहेत' हे आपणहून सांगायचं. माणसांचे डॉक्टर ते विचारतीलच असं नाही.

गोणपाट आणि स्वेटर जाळले. नवीन अंथरूण सुती, आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढायचं. सुताराने कडीपाटाच्या फटींत लांबी (पुट्टी) भरली, गवंड्याने जिन्याखालचा गिलावा खरवडून नवा केला. या कामाला नऊ दिवस लागले आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गुण त्यालाच आला. आजी सुतारावर लक्ष ठेवून होत्या. एकही फट सुटू दिली नाही. मग कीटकनाशकाची फवारणी, सगळीकडे नव्हे, उरलेल्या सांध्यांत आणि चौकटींच्या मागे. त्या दोन दिवसांसाठी आजी साताऱ्याला लेकीकडे, मनी शेजारी, त्याच गाईवाल्यांकडे. अंड्यांवर फवारणीचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून तीन आठवड्यांनी दुसरी, आणि पुन्हा तितक्याच अंतराने तिसरी. ओट्यावरच्या दोघांचं अंदाजे वजन करून, भाकरीच्या तुकड्यात गोळी. कानात गोचिडी असलेल्या त्या कुत्रीला डॉक्सिसायक्लिनही दिलं, 28 दिवस, सकाळ-संध्याकाळ आजींच्या हातून. बेचाळिसावी गोळी ती थुंकली, असं आजींनी मला फोन करून सांगितलं होतं, म्हणजे त्या मोजत होत्या.

मुलीची वही

मी मुलीला एकच काम दिलं. रोज शाळेत जाण्याआधी दहा मिनिटं: कानाच्या आत, कानामागे, पट्ट्याखाली, काखा, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली. सापडतील तेवढ्या काढायच्या, मोजायच्या, लिहायच्या. तिने भूमितीच्या जुन्या वहीत रकाने आखले.

पहिल्या आठवड्याची बेरीज 43. दुसऱ्या आठवड्याची 57. सरांचा फोन आला, आवाजात निराशा. "मॅडम, गोळीचा उपयोग होत नाहीये. वाढल्यात." मी विचारलं, फुगलेल्या किती? वही आणली गेली. 57 पैकी फुगलेली एकही नव्हती, निम्म्याहून अधिक मेलेल्या. वाढल्या होत्या त्या भिंतीतून खाली उतरणाऱ्या. भिंत रिकामी होत होती. इथेच बहुतेक घरं औषध बदलतात किंवा सोडतात, आणि मुलीने 'मेलेल्या' असा वेगळा रकाना केला नसता तर हेही घर सोडून बसलं असतं.

तिसरा आठवडा 38. चौथा 22. सहावा 9. नववा 2. अकराव्या आठवड्यात, दिवाळीच्या सुट्टीत, सात दिवस शून्य. तिने त्या शून्यांना रंगीत पेन्सिलीने कंदील काढले होते.

दुसरा कोर्स संपल्यावर दोन आठवड्यांनी केलेली पीसीआर निगेटिव्ह आली. प्लेटलेट 2,12,000. पट्टी लावली तर ती अजूनही दुसरी रेघ दाखवते. सर ते पाहून घाबरले होते. ती रेघ जंतूची नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांची आहे, आणि ती बरं झाल्यावरही कित्येक महिने उमटत राहते. म्हणून पाठपुराव्याला पट्टी वापरत नाही, प्लेटलेट आणि पीसीआर वापरते.

खर्चाचं बोलायचं तर दोन्ही वेळचे उपचार, तपासण्या, सुतार, गवंडी आणि फवारणी मिळून जे झालं, त्यात बंड्याच्या कित्येक वर्षांच्या गोळ्या आल्या असत्या. सरांनी हिशोब केला आणि कागद घडी करून त्याच प्लास्टिकच्या पिशवीत, कार्डाच्या मागे ठेवला.

कार्डाच्या मागचं पान कोरं होतं. तिथे मी हाताने रकाने आखले: गोळीची तारीख, अंगावरच्या गोचिडी, झोपायची जागा पाहिली का, वर्षातून एकदा प्लेटलेट. आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कार्डावर हे रकाने आखते. आणि पहिल्या भेटीत प्रत्येकाला विचारते, हा झोपतो कुठे. बरेच जण आधी हसतात, मग सांगायला लागतात: गच्चीवरच्या पत्र्याखाली, पार्किंगमध्ये पायऱ्यांच्या कोपऱ्यात, बाल्कनीत कुंड्यांच्या मागे, सोफ्याखाली. फ्लॅट असला तरी तिला चालतं. तिला वर चढायला भिंत लागते आणि लपायला फट.

फेब्रुवारीत बंड्या रेबीजच्या लसीसाठी आला. प्लेटलेट 2,40,000, वजन 33. मला टेबलापर्यंत ओढत नेलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगी सायकलवरून एकटीच दवाखान्यात आली. वहीत लिहिलं होतं: 'एक. उजव्या कानामागे. चपटी. जिवंत.' बाटली सोबत होती. भिंगाखाली पाहिलं, नर होता. मी विचारलं, जिन्याखाली पाहिलंस? म्हणाली, "पाहिलं, काही नाही. पण माळ्यावर जायला बाबा एकटीला सोडत नाहीत."

शनिवारी रात्री जेवणानंतर मी जाणार आहे. टॉर्चचे सेल तिने आणून ठेवलेत.